ओटी नराची भरते: समुद्रघोड्याच्या बाळंतपणाची गोष्ट

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी पाण्याचा टँकर, पार्किंग आणि गायमुखचा ट्रॅफिक यापलीकडे विषय जात नाही. गेल्या महिन्यात एका रात्री तिथे मिनिटभराचा एक व्हिडिओ आला. काचेच्या टाकीत एक समुद्रघोडा शेपटीनं काडीला धरून उभा आहे. पोट टम्म फुगलेलं. मधूनच तो कंबरेत वाकून झटका देतो आणि पोटाच्या फटीतून बारीक बारीक पिल्लं धुरासारखी बाहेर पडतात. खाली ओळ होती, 'जगातला एकमेव बाप, जो बाळंत होतो!'

दहा मिनिटांत ग्रुपमध्ये तट पडले. निम्म्यांनी व्हिडिओ एआयचा ठरवला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी 'कलियुग' लिहून हात जोडले. एका वहिनींचं म्हणणं होतं की ती मादीच असणार, शास्त्रज्ञांनी नाव ठेवताना घोळ घातला. आणि माझ्या सातवीतल्या लेकीनं माझ्या खांद्यावरून वाचत विचारलं, "आई, ज्याच्या पोटात बाळ आहे त्याला बाबा का म्हणायचं?"

सगळ्यांत नेमका प्रश्न तिचाच होता. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले असले तरी त्याचं उत्तर नीट मांडायला मला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. (अरबी घोडे उतरायचे म्हणून आमच्या भागाचं नाव घोडबंदर पडलं असं सांगतात. तेव्हा या घोड्याचं आम्हीच बघायला हवं.)

आधी ओळख

व्हिडिओ खरा असू शकतो, कारण त्यातला प्रकार शंभर टक्के खरा आहे. त्याखालची ओळ मात्र चुकीची. समुद्रघोडा 'एकमेव' नाही. तो ज्या कुळातला आहे त्या कुळात सुमारे तीनशे जाती आहेत: समुद्रघोडे, पाइपफिश म्हणजे नळीसारखे सरळसोट मासे, आणि ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातले पानांच्या झालरीचे सी-ड्रॅगन. कुळाचं शास्त्रीय नाव सिंग्नॅथिडी, अर्थ 'जोडलेले जबडे'. तोंड लांब स्ट्रॉसारखं, दात नाहीत, जठरही नाही. खाल्लेलं साठवायला जागा नसल्यामुळे दिवसभर बारीक कोळंबीसारखे जीव शोषून खात राहायचं. आणि या अख्ख्या कुळात अंडी बापच सांभाळतो.

समुद्रघोडा मासा आहे हे पुन्हा सांगते, कारण ग्रुपवर तेही विचारून झालं. त्याला कल्ले आहेत, पर आहेत, तो पाण्यातच श्वास घेतो. घोड्यासारखी मान आणि माकडासारखी शेपटी हे वरचे दागिने.

मग नर कोणाला म्हणायचं?

आपण माणसं नर-मादी ओळखतो ती दिसण्यावरून, नाहीतर पोटात बाळ कोण वाढवतं त्यावरून. जीवशास्त्रात यातलं काहीच धरत नाहीत. तिथे एकच कसोटी आहे, जननपेशीचा आकार. जननपेशी म्हणजे पुढची पिढी घडवायला आई आणि बाप प्रत्येकी जी एक पेशी देतात ती. मोठी, आत अन्न भरलेली पेशी देते ती मादी. छोटीशी, पोहणारी, जवळपास रिकाम्या हातानं येणारी पेशी देतो तो नर. म्हणजे शिदोरी बांधून पाठवते ती आई, आणि हात हलवत येतो तो बाप.

माणसात, कावळ्यात, बोंबलात हीच कसोटी लागते. समुद्रघोड्यातही शिदोरीवालं अंडं मादीच तयार करते आणि शुक्रपेशी नरच. त्यानंतर अंडं कोणी, कुठे, किती दिवस सांभाळायचं हा संसाराच्या वाटणीचा भाग. बहुतेक सस्तन प्राण्यांत ती वाटणी आपल्या ओळखीची आहे. या कुळात ती उलटी झाली, इतकंच. नाव ठेवताना कोणाचा घोळ झालेला नाही.

ओटी भरण्याचा कार्यक्रम

समुद्रघोड्याच्या नराच्या पोटाखाली, शेपटी सुरू होते तिथे, एक पिशवी असते. आपल्या आज्ज्या कमरेला खोचायच्या त्या बटव्यासारखी, तोंड बारीक आणि आत ऐसपैस. मीलनाआधी नर ती पाण्यानं फुगवून मादीला दाखवतो की बघ, रिकामी आहे. मग दोघं शेपट्या गुंतवून, रंग उजळवत, एकमेकांभोवती फिरतात. हे कधीकधी तासन्‌तास चालतं. शेवटी दोघं समोरासमोर पाण्यात वर उठतात आणि मादी आपली अंडी घालायची नळी नराच्या पिशवीच्या तोंडाशी टेकवते. काही सेकंदांत अंडी आत. अक्षरशः नराची ओटी भरली जाते.

अंडी फळतात, म्हणजे त्यांना शुक्रपेशी मिळते, तीही पिशवीतच. मादी निघून गेल्यावर नर अंग हलवून डुलतो, अंडी आत नीट बसावीत म्हणून. डब्यात तांदूळ ओतल्यावर आपण डबा दोनदा आपटतो, तसं.

मग जाती आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे साधारण दोन ते चार आठवडे. ऊबदार पाण्यात लवकर, थंड पाण्यात उशिरा. अनेक जातींमध्ये या काळात जोडी फुटत नाही. मादी रोज सकाळी नराला भेटायला येते, दोघं रंग बदलतात, थोडं नाचतात आणि आपापल्या कामाला लागतात. कॅनडातल्या संशोधक अमांडा व्हिन्सेंट यांनी हे भेटणं समुद्रात प्रत्यक्ष पाहून नोंदवलं. १९९६ मध्ये समुद्रघोड्यांच्या रक्षणासाठी 'प्रोजेक्ट सीहॉर्स' सुरू करणाऱ्यांपैकी त्या एक. या रोजच्या भेटीचा व्यवहारी उपयोगही आहे. नर कधी मोकळा होणार याचा अंदाज मादीला राहतो आणि ती पुढची अंडी त्या बेतानं पिकवते. काही नर पिल्लं सोडल्यावर दिवसभरातच पुन्हा गरोदर होतात. हे वाचून आमच्या वहिनींनी समुद्रघोड्याच्या नावानं एक निःश्वास टाकला.

पिशवीच्या आत

"पण ही नुसती पिशवीच ना? कांगारूसारखी?" हा प्रश्न ग्रुपवर आला होताच. कांगारूत पिल्लू आईच्या पोटातून जन्मून मग पिशवीत जातं आणि तिथे दूध पितं. इथे अंडं फळण्यापासून पिल्लू पोहू लागेपर्यंत सगळं आतच होतं, आणि पिशवी स्वस्थ बसलेली नसते.

अंडी आत आली की पिशवीचं अस्तर जाड होतं, त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं पसरतं आणि अस्तर प्रत्येक अंड्याभोवती चढत जातं. फणस फोडल्यावर प्रत्येक गरा आपापल्या खोबणीत बसलेला दिसतो ना, तसं. या जाळ्यातून गर्भाला प्राणवायू मिळतो, त्याची घाण बाहेर जाते. अंड्यातली आईची शिदोरी असतेच, पण बाप वरून चरबीसारखे पोषक घटक आणि हाडं घडवायला कॅल्शियमही पुरवतो. म्हणूनच शास्त्रज्ञ याला मोकळेपणी गर्भारपण म्हणतात आणि त्या अस्तराची तुलना आपल्या वारेशी, म्हणजे प्लॅसेंटाशी करतात.

मला सगळ्यांत आवडलं ते मिठाचं गणित. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं आणि फोडी सुरकुततात. समुद्राचं पाणी माशाच्या अंगातल्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. कोवळा गर्भ त्यात उघडा पडला तर त्याची ती कैरी व्हायची. त्यामुळे पिशवीतलं पाणी सुरुवातीला बापाच्या अंगातल्या पाण्यासारखं सौम्य असतं. दिवस भरत येतात तसा त्याचा खारटपणा वाढत वाढत समुद्राच्या जवळ जातो. दुकानातून आणलेला मासा आपण एकदम टाकीत सोडत नाही, त्याची पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवतो. तीच काळजी बाप घेतो.

आणखी एक अडचण असते. गर्भ निम्मा आईचा, म्हणजे बापाच्या शरीराच्या दृष्टीनं निम्मा परका. रोगांशी लढणारी आपली यंत्रणा सोसायटीच्या वॉचमनसारखी असते, अनोळखी दिसला की अडवलाच. मग पिशवीतल्या शेकडो पाहुण्यांचं काय? २०२० साली जर्मनीतल्या ओलिव्हिया रॉथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या कुळात ही यंत्रणाच बदलली आहे. युरोपातल्या एका पाइपफिशमध्ये तर परका ओळखण्याच्या व्यवस्थेतली एक महत्त्वाची जनुकसाखळी गळूनच गेली आहे. एक वॉचमन कायमचा रजेवर, आणि तरी मासा धडधाकट जगतो.

कळा कशा येतात?

बाईच्या गर्भाशयाचे स्नायू तिच्या इच्छेवर चालत नाहीत. कळा आपोआप येतात. (हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.) समुद्रघोड्यातही तसंच असेल असा समज होता. ऑस्ट्रेलियातल्या कॅमिला व्हिटिंग्टन आणि जेसिका डडली यांनी २०२२ मध्ये पिशवी नीट तपासली. त्यांना आपोआप आकसणारे स्नायू तिथे फारच थोडे आढळले. त्याऐवजी पिशवीच्या तोंडाशी एका लहानशा पराची हाडं आणि त्यांना जोडलेले दणकट स्नायू होते, आपण मूठ वळतो तेव्हा वापरतो त्या जातीचे. नर मुद्दाम वाकतो, दाबतो, पिशवीचं तोंड उघडतो. व्हिडिओतले झटके ते हेच.

एका खेपेला पिल्लं किती? जातीनुसार अगदी पाचपासून दोन हजारांपर्यंत, बऱ्याच जातींत शंभर-दोनशे. बाहेर पडली की ती आपली आपण. बाप वळूनही बघत नाही. त्यातली मोठी होतात ती हजारात पाचही नाहीत.

सगळ्यांकडे बटवा नसतो

पाइपफिशमध्ये याच व्यवस्थेच्या पायऱ्या आजही बघायला मिळतात. काही जातींत पिशवीच नाही, मादी अंडी नराच्या पोटाला सरळ चिकटवून देते. सी-ड्रॅगनमध्ये ती शेपटीच्या खालच्या बाजूला रुतलेली असतात. काही पाइपफिशना कातडीच्या दोन झडपा असतात, त्या जाकिटासारख्या मध्ये मिटतात. आणि समुद्रघोड्याचा बंद बटवा हा यातला सगळ्यांत पक्का प्रकार. एवढी गुंतागुंतीची गोष्ट एकदम कशी तयार झाली असेल, असं काकांनी विचारलं होतं. चिकटवलेल्या अंड्यांपासून बटव्यापर्यंतचे हे मधले प्रकार जिवंत पोहताहेत, त्यातच उत्तर आहे.

पण बापानंच का?

दुसऱ्या दिवशी मी जांभळी नाक्याला मासे घ्यायला गेले. चेंदणी कोळीवाड्यातल्या माझ्या नेहमीच्या मावशींना व्हिडिओ दाखवला. त्यांनी कोयता न थांबवता एक नजर टाकली. "आगो बाय, त्यान काय नवल? शिंगाल्याच्या तोंडान बी अंडी गावतान."

मावशींचं म्हणणं खरं आहे. शिंगाळा, म्हणजे खाडीत आणि समुद्रात मिळणारा मिशाळ मासा, याची अंडी मोठ्या गोटीएवढी असतात आणि ती नर तोंडात धरून उबवतो. तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहतो. बाप अंडी सांभाळतो हे माशांच्या जगात अजिबात जगावेगळं नाही. उलट जे मासे पिल्लांची काळजी घेतात, त्यांच्यात एकट्या बापानं काळजी घेणं हीच जास्त आढळणारी रीत आहे.

कारण साधं आहे. बहुतेक माशांत अंडी शरीराबाहेर, पाण्यात फळतात. मादी आधी अंडी टाकते आणि मोकळी होते. नर शेवटी येतो आणि बहुधा ती जागाही त्याचीच असते. राखण त्याच्या गळ्यात पडते. शिवाय एक जागा राखताना तो दोन-तीन माद्यांची अंडी एकदम राखू शकतो. राखणीला बसलेल्या बापापासून अंडी अंगावर वागवणाऱ्या बापापर्यंतचं अंतर फार नाही. आणि पिशवीचा एक पक्का फायदा आहे. अंडी स्वतःच्याच पिशवीत फळतात, त्यामुळे ही पिल्लं माझीच का, ही शंका या बापाला कधीच राहत नाही. पिल्लांच्या जनुकीय चाचण्यांनीही तेच सांगितलं.

म्हणजे बाप फार त्यागी?

इथे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गोडगोड ओळींना रामराम करावा लागतो. पाइपफिशची पिशवी पाळणा आहे, पण तो पाळणा हिशेबही ठेवतो.

मेक्सिकोच्या आखातातल्या एका पाइपफिशची पिशवी इतकी पातळ असते की बाहेरून अंडी मोजता येतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या किम्बर्ली पाझोल्ट आणि अ‍ॅडम जोन्स यांनी ती मोजली आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. नरांना मोठ्या माद्या आवडतात. मोठ्या मादीची अंडी पिशवीत आली तर त्यातली जास्त जगतात, लहान मादीची आली तर बरीच मधेच नाहीशी होतात. आणि पहिल्या खेपेला नरानं जीव ओतला असेल तर दुसऱ्या खेपेला तो हात आखडता घेतो.

मग नाहीशी होणारी जातात कुठे? त्याच वर्षी स्वीडनमधल्या ग्री सागेबाक्केन आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका पाइपफिशमध्ये याचा माग काढला. अंड्यांतल्या पोषक द्रव्यांवर त्यांनी ओळखता येईल अशी खूण केली होती. ती खूण नंतर बापाच्या यकृतात आणि स्नायूंत सापडली. म्हणजे काही गर्भ बापाच्या अंगात जिरले होते. मादीनं दिलेल्या शिदोरीतला थोडा घास बापानंही खाल्ला. लेकीला हे सांगताना मी जरा अडखळले. ती म्हणाली, "डब्यातलं बाबाही खातात."

मग माद्या भांडतात का?

पाइपफिशमध्ये हो. युरोपातल्या रुंद तोंडाच्या पाइपफिशचं उदाहरण घ्या. नराच्या एका गर्भारपणाच्या वेळात एक मादी जवळपास दोन नरांच्या पिशव्या भरतील एवढी अंडी तयार करू शकते. कणीक मळणाऱ्या दोघी आणि तवा एक, अशी स्थिती. रिकामा तवा मिळवायला माद्यांची चढाओढ लागते. त्याच नटतात, त्याच नरापुढे मिरवतात, आणि नर निवड करतो.

समुद्रघोड्यात मात्र हे उलटं आहे. तिथे गर्भारपण नराकडे असूनही मादीसाठी नरच जास्त भांडतात, एकमेकांना शेपटीनं ओढतात आणि तोंडानं टोले देतात. त्यामुळे 'पोटात बाळ ज्याच्या, तो लाजरा' हा नियमही टिकत नाही. भांडण कोणी करायचं हे ठरतं ते रिकामी पिशवी आणि तयार अंडी यांतलं टंचाईत काय आहे, यावर.

"म्हणजे हे लिंग बदलतात?"

नाही. समुद्रघोड्याचा नर जन्मभर नरच राहतो. लिंग बदलणारा मासा हवा असेल तर जिताड्याकडे बघा. उरण-अलिबागकडे जावयाला खिलवतात तो जिताडा साधारणपणे आधी नर असतो, पुढे मोठा झाला की मादी होतो. ताटात आलेला भला थोरला जिताडा बहुधा 'ती' असते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. जिताड्यात जननपेशीच बदलते, समुद्रघोड्यात फक्त सांभाळणारा बदललाय.

जाळ्यात आला तर

भारतात समुद्रघोड्यांची मोठी वस्ती तमिळनाडूकडे, पाल्कचा उपसागर आणि मन्नारचं आखात इथे आहे. कोकण किनाऱ्यावरही ते मिळाल्याच्या नोंदी आहेत. कोणी मुद्दाम त्यांच्या मागे लागलं नाही तरी ट्रॉलरच्या जाळ्यात ते इतर माशांबरोबर येतात. एका अभ्यासानं २१ देशांतली अशी पकड वर्षाला सुमारे ३.७ कोटी धरली आहे. वाळवलेल्या समुद्रघोड्यांना पारंपरिक चिनी औषधांत मागणी असते, म्हणून चोरटा व्यापारही चालतो. भारतात २००१ पासून हे अख्खं कुळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. पकडणं, विकणं, जवळ बाळगणं, सगळं गुन्हा. देशोदेशींच्या व्यापारावर २००४ पासून आंतरराष्ट्रीय बंधनंही लागू आहेत.

बापाच्या अंगावर संसार असण्याची जोखीम इथे कळते. एक गरोदर नर जाळ्यात गेला की त्याच्यासोबत ती अख्खी वीण जाते, आणि जोडीनं राहणाऱ्या जातींत मागे राहिलेल्या मादीचा पुढचा काळही नवा जोडीदार मिळेपर्यंत वाया जातो. ऐंशीच्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, तोंडात अंडी धरलेल्या शिंगाळ्यांचे थवेच्या थवे पर्ससीन, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या, जाळ्यांत सापडले होते. तेव्हाही हिशेब हाच होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हे सगळं ऐकून समुद्रघोडाच पाळायचा होता. कायदा सांगितल्यावर ते फायटर मासा घेऊन आले, नर, निळा. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. टाकीत वर पांढरा फेस जमलाय, पाणी खराब झालं, आता सगळं ओतून टाकतो म्हणाले. मी जिन्यानं धावत खाली गेले. काकांच्या हातात पाणी उपसायचा मग होताच. म्हटलं, काका, थांबा. ते घरटं आहे. मादी नसली तरी तोंडानं बुडबुडे सोडून तो बांधून ठेवतो, अंडी आली तर त्यात ठेवून राखायला.